ढग कोण पाहून राहिलं ते आधी सांग

तुझा प्रश्न मला समजला तो असा. एमए मराठीच्या शेवटच्या वर्षाला लघुप्रबंधासाठी ‘मराठी साहित्यातील माणूस आणि निसर्ग’ विषय घेतला, गाईडनी सांगितलं म्हणून बालकवींपासून महानोरांपर्यंत निसर्गवर्णनं गोळा केली, ७० पानं टाईप झाली, आणि आता वाचताना ते किराण्याच्या यादीसारखं वाटून राहिलं. तर यातून काही निघेल की विषयच बदलू, असं तू विचारलं. विषय बदलू नको. त्या ७० पानांचं काय करायचं ते शेवटी सांगते, तोवर फाईल डिलीट करू नको म्हणजे झालं.

नागपुरात २७ वर्षं झाली मला मराठी शिकवताना, आणि या विषयावरचा एक तरी प्रबंध दरवर्षी टेबलावर येतोच. न उघडता सांगते आत काय असतं. पहिल्या चॅप्टरला ‘मानव व निसर्ग यांचे नाते अतूट आहे’, मग थोडा वर्डस्वर्थ, मग श्रावणमासी, मग महानोर, आणि शेवटी झाडे लावा झाडे जगवा. हसू नको, मी पण एम.फिल.ला हेच केलं होतं, ४० पानं नुसती मराठी कवितेतली संध्याकाळ. माझ्या गाईडनी ती दोन दिवसांत वाचली आणि एकच विचारलं, “यात माणूस कुठाय?” मला इतका राग आला होता की मी आठवडाभर डिपार्टमेंटला फिरकली नाही. राग यासाठी की उत्तर नव्हतं माझ्याजवळ.

उत्तर सापडलं ते रामटेकला. आपल्याकडे कोणी पाहुणा आला की आपण त्याला रामटेकला नेतो, गडावर चढवतो, कालिदास स्मारक दाखवतो आणि सांगतो की हाच तो रामगिरी, इथेच ‘मेघदूता’तला यक्ष वर्षभर शिक्षा भोगत होता. आपल्या नागपूरच्या वा. वि. मिराशींनी ही जागा रामटेकच, असं पुराव्यानिशी मांडलं, दुसऱ्या जागांचे दावेही आहेत, तो वाद आता बाजूला ठेवू. मी एकदा जूनच्या सुरुवातीला पोरांना घेऊन गेली होती. मेघदूतात बायकोपासून दूर पडलेला यक्ष ढगाच्या हाती तिला निरोप पाठवतो, आणि आधी त्या ढगाला अर्घ्य देतो ते ताज्या कुटजाच्या फुलांनी. हा श्लोक मी कितीतरी वर्षं शिकवत होती आणि कुटज म्हणजे मोगऱ्यासारखं काहीतरी पांढरं फूल असं ठोकून देत होती. त्या दिवशी वाटेवर एका पोरीनं फांदी ओढून दाखवली, “मॅडम, हाच कुडा, आमच्याकडे पोट बिघडलं की याची साल उकळून देतात.” कुडा म्हणजेच कुटज! मेडिकलमध्ये कुटजारिष्टाची बाटली मिळते ना, तोच. मला श्लोक पाठ होता आणि तिला झाड माहीत होतं, तिच्या समोर उभं राहताना मला माझीच लाज वाटली.

घरी येऊन मी मेघदूत परत काढलं. त्यात मला दोन जागा दिसल्या, आणि माझ्या मते तुझा अख्खा प्रबंध या दोन जागांच्या मधे बसतो.

पहिली जागा अगदी सुरुवातीला. कालिदास म्हणतो, अरे ढग म्हणजे काय, धूर, उजेड, पाणी आणि वारा यांचा जमाव, आणि निरोप न्यायला तर धडधाकट इंद्रियं असलेला जिवंत प्राणी लागतो. पण प्रेमानं व्याकुळ झालेल्याला चेतन कोण अचेतन कोण हा फरक कळत नाही. समजलं का? निसर्गाला माणसाच्या भावना चिकटवायच्या हे कवी लोक करतात, आणि कालिदास ते करायच्या आधीच सांगून टाकतो की हे मी करून राहिलो, यात निसर्गाचा काही संबंध नाही, हे यक्षाच्या मनाचं दुखणं आहे. आपण इकडे परीक्षेत ‘कवीने निसर्गाचे मानुषीकरण केले आहे’ लिहून दोन मार्क घेतो आणि पुढे जातो.

दुसरी जागा पूर्वमेघातच, म्हणजे काव्याच्या पहिल्या भागातच, थोडी पुढे. यक्ष ढगाला वाट सांगत असतो, की तू नुकत्या नांगरलेल्या, मातीचा वास येणाऱ्या माळावर जाशील तेव्हा खेड्यातल्या बाया तुला डोळे भरून पाहतील. का पाहतील? ‘त्वय्यायत्तं कृषिफलम्’, पीक तुझ्या हातात आहे म्हणून. त्यांना भुवया नाचवणं माहीत नाही, असंही कालिदास म्हणतो, म्हणजे ते पाहणं शृंगाराचं नाही. ढग तोच, पण यक्षाला तो पोस्टमन दिसतो आणि त्या बाईला वर्षभराचं धान्य दिसतं. दोन्ही एकाच काव्यात, काही श्लोकांच्या अंतरानं.

म्हणून मी आता पोरांना निसर्ग कसा वर्णिला ते विचारतच नाही. विचारते, ढग कोण पाहून राहिलं? त्याच्या हातात तेव्हा काय आहे, लेखणी की खुरपं की बंदूक की नुसताच चहाचा कप? आणि पाऊस आला नाही तर त्याचं काय जाईल? या तीन प्रश्नांवर सगळं मराठी साहित्य वेगळं दिसायला लागते, खरंच सांगते.

घरचं उदाहरण देते. माझ्या भावाची काटोलला संत्र्याची बाग आहे. मृग बहर घ्यायचा तर उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडावं लागते, त्याला ताण देणं म्हणतात. झाड सुकते, पानं मलूल पडतात, पाहवत नाही, आणि मग मृगाचा पाऊस आला की ते फुलावर येते. आता ७ जूनला मृग लागला की इकडे धरमपेठेत आम्ही गॅलरीत उभं राहून ढगाचे फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो, भज्यांचा बेत ठरतो. तिकडे भाऊ त्याच ढगाखाली उभा असतो, महिनाभर झाडं उपाशी ठेवून. त्याला मी फोनवर म्हटलं काय मस्त वातावरण झालं रे, तर तो म्हणे, “ताई, तुले मस्त, मले पडला तं मस्त.” कालिदासाचे दोन श्लोक दोन फोनवर.

आता हे घेऊन मागे चल. गाथासप्तशती, हाल या सातवाहन राजाच्या नावावर असलेला महाराष्ट्री प्राकृतातला छोट्या कवितांचा संग्रह, म्हणजे मराठीच्या आजीचीच भाषा म्हण. त्यात एक गाथा आहे, मला फार आवडते. भाताची वावरं पिकून पांढुरकी पडायला लागली म्हणून एक पोरगी मान खाली घालून रडून राहिली. का? आता कापणी होईल आणि भेटायची जागाच जाईल! तर मैत्रीण समजावते, रडू नको, तागाची वाडी आता पिवळ्या रंगानं तोंड माखलेल्या नटीसारखी फुलून आली आहे. पाहा, पिकाचं रंगवर्णन आहे, पण त्यात पाहणारीचा स्वार्थ कसा घट्ट विणलाय. भात तिच्यासाठी धान्य नाहीच, आडोसा आहे. हे वर्गात सांगितलं की मागच्या बेंचवरून कोणीतरी ‘तुरीचं वावर’ म्हणतेच, आणि पोरं हसतात, आणि गाथा दोन हजार वर्षं टपकन खाली येते.

तुकोबांचं मात्र आपण फार वाईट केलंय. ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें’ ही ओळ दर ५ जूनला बॅनरवर असते, खाली नेत्याचा फोटो आणि हातात रोपटं. अख्खा अभंग वाच. पुढच्याच ओळीत ते म्हणतात, ‘येणें सुखें रुचे एकांताचा वास’, आणि शेवटी ‘आपुलाचि वाद आपणांसी’. झाडांमधे बसायला आवडते कारण तिथे लोक नाहीत आणि स्वतःशी भांडता येते! हा वृक्षारोपणाचा अभंग नाही गं. माणसांना कंटाळलेला, गावात रोज गुणदोषांच्या गप्पा ऐकून थकलेला माणूस आहे तो. सोयरे म्हणजे नातेवाईक, आणि खरे सोयरे कसे वागत असतील म्हणून झाडांना सोयरे म्हणावं लागलं हे प्रबंधात एक पान तरी लिही.

बालकवींवर मी जास्त बोलणार नाही, तुझ्याकडे त्यांची २० पानं असतीलच. फक्त ‘औदुंबर’ पुन्हा पाहा. आठच ओळी, माणूस एकही नाही. पण चार घरांचं गाव आहे, शेतमळे आहेत, एक पायवाट आहे. म्हणजे माणसं नुकतीच इथून गेलीत, पायवाट काय झाडांनी पाडली? आणि मग ते झाड पाण्यात पाय टाकून बसलेलं. कवी तिथं एकटाच उभा आहे आणि त्याला करायला काही काम नाही, हे त्या कवितेतलं दुःख आहे असं मला वाटते. माझं मत, गाईडला पटेलच असं नाही.

बहिणाबाई मात्र थांबून वाच. ‘अरे खोप्यामधी खोपा’ आपण तिसरी-चौथीपासून गातो, म्हणून कोणी वाचत नाही. ती बाई खानदेशातली शेतकरी, स्वतः लिहीत नव्हती, कविता लिहून ठेवल्या त्या मुलानं आणि इतरांनी, पुस्तक आलं ते ती गेल्यावर, १९५२ साली. तिला पक्ष्याचं काय दिसते? रंग नाही, गाणं नाही. विणकाम दिसते. ‘तिची उलूशीच चोच, तेच दात, तेच ओठ, तुले देले रे देवानं दोन हात दहा बोटं’. कामगार दुसऱ्या कामगाराचं काम पाहतो तसं पाहणं आहे हे, की हिच्याजवळ अवजारं किती कमी आणि काम किती पक्कं. आता पक्षिनिरीक्षक म्हणतील की खोपा नर विणतो, मादी तो पसंत करते आणि मग आतली सजावट पाहते. बरोबर आहे त्यांचं. पण बहिणाबाईला आजूबाजूला घर उभं करणारी बाईच दिसली, तर पक्ष्यातही बाईच दिसणार. ही चूक म्हणून नको दाखवू, पुरावा म्हणून दाखव, पाहणाऱ्याचं आयुष्य पक्ष्यात कसं उतरते त्याचा.

आता तुला एक तयार चॅप्टर देते, फुकट. १९६७. त्या एका वर्षी दोन कवितासंग्रह आले, आपल्या नागपूरच्या ग्रेसांचा ‘संध्याकाळच्या कविता’ आणि महानोरांचा ‘रानातल्या कविता’. दोन्हींत पाऊस, दोन्हींत संध्याकाळ, झाडं, पक्षी. दोन्ही शेजारी ठेव. ग्रेसांचा पाऊस वावरात पडत नाही. तो आठवणीत पडतो, त्यात कोणी भिजत नाही आणि कोणाचं बी उगवत नाही, आणि तरी तो वाचताना अंगावर काटा येतो, कारण तो यक्षाचा ढग आहे. महानोर पळसखेड्याचे, शेती करणारे, त्यांच्याकडे आभाळ भुईला दान देते आणि त्या दानाचा हिशेब कणसात दिसतो. कोण मोठा हा प्रश्न विचारू नको, तो कट्ट्यावर विचारायचा. ढग कोण पाहून राहिलं एवढंच विचार आणि दोन्हींकडून पाच-पाच कविता घे. असा चॅप्टर माझ्याकडे आला तर मी आनंदानं वाचेन.

विदर्भातलं गद्य तू घेतलंच नाही असं दिसते, ते मात्र मला खटकलं. साकोलीकडची पोरगी आणि चितमपल्ली नाहीत? मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट इकडे नोकरी केली, नंतर बरीच वर्षं नागपुरात राहिले, २०२५ च्या जूनमधे गेले, त्याच वर्षी पद्मश्री मिळाली होती. त्यांच्याकडे वर्णन शोधू नको, शब्द शोध. गोंड, पारधी, कोहळी लोकांच्या तोंडून त्यांनी झाडापाखरांची नावं टिपली आणि जिथे मराठीत शब्दच नव्हता तिथे बनवला, बगळे-करकोच्यांच्या वसाहतीला त्यांनी सारंगागार म्हटलं. किती सुंदर शब्द आहे! ज्याला रोज जंगलात ड्युटीवर जायचंय त्याला ‘सुंदर पक्षी’ म्हणून चालत नाही, नाव लागते. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘सत्तांतर’ पण घे, वानरांच्या टोळीवरची छोटी कादंबरी, १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला आहे. त्यात वानरंच आहेत, पण नाव पाहा, सत्तांतर. आपल्याला राजकारण दिसल्याशिवाय राहत नाही.

आणि ‘बारोमास’. बुलढाण्याकडच्या सदानंद देशमुखांची, २००४ चा अकादमी पुरस्कार. तिथे निसर्ग म्हणजे कर्ज. पाऊस उशिरा आला की दुबार पेरणी, दुबार पेरणी म्हणजे पुन्हा बियाणं, पुन्हा बियाणं म्हणजे पुन्हा कोणाच्या तरी दारात. अशा कादंबरीतून ‘निसर्गवर्णन’ कापून तू काय काढणार? काढलं तर चार ओळी निघतील आणि त्या वाचून कोणाला काही कळणार नाही. दया पवारांच्या ‘धरण’ कवितेचंही तेच, धरण बांधणारी बाई म्हणते मी माझं मरण कांडते. पाणी आहे, डोंगर आहे, पण ‘निसर्गकविता’ या फोल्डरमधे ती तुझ्याकडे नसणार, पैज लावते. विनायक तुमराम, भुजंग मेश्राम यांची आदिवासी कविताही त्या फोल्डरमधे जात नाही. जंगलात राहणाऱ्याच्या कवितेला निसर्गकविता म्हणायचं नाही आणि पुण्यामुंबईच्या गॅलरीतून दिसलेल्या ढगाला म्हणायचं, हे वर्गीकरण कोणी केलं, हा पण एक प्रश्न आहे. मला तर वाटते खरा प्रश्न तोच.

तू विचारलं आहेस की इकोक्रिटिसिझम, म्हणजे पर्यावरणाच्या अंगानं साहित्य वाचणं, टाकू का. टाक, पण पहिल्या चॅप्टरला १५ पानं थिअरी नको. शब्द १९७८ मधे विल्यम रुकर्टनं वापरला, १९९६ च्या ग्लॉटफेल्टी आणि फ्रॉम यांच्या संपादित ग्रंथानंतर तो अभ्यासक्रमात पसरला, एवढं दोन परिच्छेदात लिही आणि कामाला लाग. कालिदासानं चेतन-अचेतनाची गोष्ट आधीच करून ठेवली हे तिथंच सांगून टाक, एक्सटर्नलला बरं वाटते.

आता एक अनुभव, कारण वरचं सगळं मला पुस्तकातून नाही, याच्यामुळे नीट कळलं. काही वर्षांमागे एका विद्यार्थिनीच्या गावी गेली होती, नवेगावबांधकडे, एप्रिलमधे. तिची आजी मोहाची फुलं वेचायला जायची, मी म्हटलं मी पण येते. पहाटे चारला निघालो, बॅटरी घेऊन. कोणतं झाड कोणाच्या घराचं हे ठरलेलं असते, कागद नाही काही नाही, पण कोणी दुसऱ्याच्या झाडाखाली बसत नाही. झाडाखालचा पाला आधीच झाडून जाळलेला होता, फुलं दिसावी म्हणून, त्या जाळण्यानंच कधी कधी जंगलाला आग लागते आणि मग वनखात्याचे लोक आणि गाव यांची भांडणं. काळी जागा आणि त्यावर फिकट पिवळी, मण्यासारखी रसाळ फुलं, टप टप पडत होती, अंधारात आवाज यायचा फक्त. वास इतका गोड आणि जड की डोकं भणभणावं. मी मान वर करून झाडाकडे पाहत होती, चांदण्यात फांद्या, मनात ओळी जुळून राहिल्या होत्या. आजी कंबरेतून वाकलेली, दोन्ही हातांनी भराभर वेचत होती. मी म्हटलं, आजी, वर पाहा ना किती सुंदर दिसून राहिलं. ती न पाहताच म्हणाली, “वर कायले पाहू माय, फूल तं खाली पडते.”

दोन टोपल्या भरेपर्यंत ती उभी झाली नाही. उजाडलं तेव्हा एकदाच कंबर सरळ केली आणि वर पाहिलं, झाडाकडे नाही, पूर्वेला. तिकडे ढग आला होता छोटासा. अंगणात आधीच्या दोन दिवसांचा मोह वाळत टाकलेला होता, वाळून मनुकांसारखा तांबूस झाला की व्यापारी नेतो, त्यावर अवकाळी पाणी पडलं की काळा पडते आणि भाव जातो. तिनं ढगाला एक शिवी दिली, चांगली खणखणीत, इथे लिहीत नाही. आणि सरळ घराकडे निघाली, मी मागे टोपली घेऊन.

तर तुझी ७० पानं. प्रिंट काढ, उजव्या बाजूला मोठी मार्जिन सोडून. प्रत्येक उताऱ्यासमोर पेनानं तीन गोष्टी लिही, कोण पाहतो, हातात काय आहे, महिना कोणता. महिना विसरू नको, दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ शेजारी ठेव त्यासाठी, १९५६ चं पुस्तक आहे, कोणत्या महिन्यात कोणतं झाड काय करते हे त्यांच्यासारखं मराठीत दुसऱ्या कोणी पाहिलं नाही. जिथे मार्जिन कोरी राहील तो उतारा काढून टाक. माझ्या अंदाजानं २०-२२ पानं उरतील. घाबरू नको, त्यातून प्रबंध होतो. गाईड म्हणतील पानं कमी झाली, तर त्यांना आधी १९६७ चा चॅप्टर दाखव, मग बाकीचं बोलणं सोपं जाईल. मेघदूताचे शांता शेळके, कुसुमाग्रज, बोरकर यांचे अनुवाद लायब्ररीत मिळतात, त्या खेड्यातल्या बायांच्या श्लोकापाशी तिघांनी काय केलं ते ताडून पाहा, तिथेच अर्धा दिवस जाईल तुझा.

आणि मार्चच्या शेवटी गावी जाशील ना, तेव्हा एक पहाट कोणासोबत तरी मोहाला जा. टोपली घेऊन जा, नुसतं वही-पेन घेऊन उभं राहिलेलं त्यांना आवडत नाही.